गुणाची बाळंतीण

कार्तिक वद्य १३, शके १८८३

काल सोजर मोकळी झाली. मुलगी. दोघी धड आहेत, खंडोबाचे उपकार.

रातच्या शाळेतले मास्तर म्हणाले होते, मथुराबाई, अक्षरं हातात टिकवायची तर रोज दोन ओळी लिहा, घरातलं काहीही लिहा. आजवर 'आज ज्वारी वाळत घातली' याच्यापुढं माझी मजल गेली नव्हती. आज लिहायला काहीतरी आहे.

सोजर म्हणजे माझी नात, माझ्या लेकाची, दगडोबाची, एकुलती लेक. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून दिवाळीला कळंबाकडून आणलेली. दिवसभर कळा आल्या, पण पोरीनं तोंडातून हूं काढला नाही. पार्वतम्मा सुईण म्हणाली, "अव्वा, हिला वरडायला सांगा की. वरडलं की बाळ लवकर येतंय." मी सांगितलं, आमची पोर वरडणाऱ्यातली नाही, वळण आहे तिला.

तिची आई द्वारका मात्र ओसरीवर खांबाला धरून उभी. आत ये म्हणलं तर येईना. सून कामाला वाघ आहे, पण ऐन वक्ताला तिचं पाणी होतं. हे आजचं नाही.

मार्गशीर्ष शुद्ध १

पाचवी पुजली. सटवाईनं पोरीच्या कपाळी काय लिहायचं ते लिहिलं असेल. तिला लिहिता येतं, मला अजून जोडाक्षर जमत नाही.

बाळंतिणीची खोली मी स्वतः लावली. खिडकीला पोतं, दाराला घोंगडं, बाजेखाली शेगडी, ओव्याची धुरी. सव्वा महिना वारा लागू द्यायचा नाही. माझ्या सासूनं मला असंच ठेवलं, मी द्वारकेला असंच ठेवलं.

सोजर काही म्हणून मागत नाही. पाणी दिलं तर पिते, नाही दिलं तर तशीच. बाळ मांडीवर ठेवलं तर पाजते, उचललं तर बघत नाही कुठं नेलं. शेजारची मागच्या साली बाळंत झाली तेव्हा डिंकाच्या लाडवावरून सासूशी भांडत होती. आमची बघा. गुणाची बाळंतीण. बाळ तेवढं माझ्यावर गेलंय, उभी गल्ली गोळा करतं.

मार्गशीर्ष शुद्ध ८

बारसं झालं. नाव शेवंता.

विहीण लक्ष्मीबाई आणि जावई सिद्राम आले होते. कुंची आणली, वाळे आणले. लक्ष्मीबाई बोलायला माझ्या तोडीच्या, त्यामुळं मला त्या आवडतात आणि आवडत नाहीत.

व्हायचं नव्हतं ते झालं. पाळण्याच्या खालून-वरून बाळ फिरवून बायकांनी आईच्या ओटीत द्यायला पुढं केलं, आणि सोजरचे हात उठलेच नाहीत. ती पाळण्याच्या दोरीकडं बघत बसली. बाळ सुटलंच होतं, द्वारकेनं झेप घालून धरलं. सगळ्यांनी बघितलं. मागून कुणीतरी बोललं, आईवर गेली पोरगी. कोण बोललं ते कळलं असतं तर तिला जेवायला वाढलं नसतं.

पंगत उठल्यावर लक्ष्मीबाई दगडोबाला म्हणाल्या, "हिची माय सालोसाल भिताडाकडं तोंड करून पडली होती म्हणं. सोयरीक करताना हे कुणी बोललं न्हाय. अष्टग्रही होऊन जाऊ द्या, माघात मी येते. पोरगी नांदायजोगी दिसली तर दोघींला गाडीत घालीन. न्हाय तर तुमची लेक तुमच्या घरी, आमच्या पोराचं आमी बघू."

दगडोबा उपरणं चोळत बसला. माझा लेक आहे, पण जीभ बापाची घेतली. मीच म्हणलं, विहीणबाई, पोरीचं रगत गेलंय, महिन्यात ठणठणीत होईल. सिद्राम आईच्या मागं उठला. पण निघताना खोलीच्या घोंगड्यापाशी लई वेळ उभा राहिला, हे मी बघितलं.

अष्टग्रही म्हणजे माघाच्या तोंडावर आठ ग्रह एका राशीला येणार आणि जग बुडणार, असं पेपरात आलंय म्हणे. आमच्या घरात तर आत्ताच पाणी शिरलं.

मार्गशीर्ष शुद्ध १४

झोप लागत नाही. लक्ष्मीबाई बोलल्या ते खोटं नाही, म्हणून जास्त लागलं.

सोजर चार वर्षांची असताना द्वारकेला मुलगा झाला आणि पाचवीच्या आत गेला. त्यानंतर ही बाई भिंतीकडं तोंड करून पडली ती पडलीच. खाणं नाही, बोलणं नाही. देवऋषी झाला, दर्गा झाला, मिरच्यांची धुरी झाली. रझाकाराच्या धामधुमीत गाव बार्शीकडं पळालं तेव्हा तिला गाडीत धान्याच्या पोत्यागत टाकून न्यावं लागलं. नंतर एक दिवस आपणच उठली आणि अंगण झाडायला लागली.

तोवर सोजरला मी सांभाळलं. आणि अभिमानानं सांगते, असं लेकरू कुणाचं नसेल. मी एकदा सांगितलं, आईला हाक मारायची नाही, रडायचं नाही, तू रडलीस की आईला जास्त होतं. संपलं. पुन्हा रडली नाही. ताप आला तरी नाही, विंचू चावला तरी नाही. पाण्याचा तांब्या घेऊन आईच्या दाराबाहेर बसायची. कुणी आलं की ओठावर बोट ठेवायची. बायका म्हणायच्या, मथुराबाई, काय वळण लावलंय हो.

अशा गुणाच्या पोरीला हे का व्हावं? आई हट्टी होती म्हणून तिला झालं, असं मी धरून चालले होते. सोजरमध्ये तर हट्टाचा थेंब नाही.

मार्गशीर्ष वद्य ५

नळदुर्गच्या डाक्तराला घरी बोलावून दाखवलं. रक्त कमी आहे म्हणाला, लाल औषध दिलं. पार्वतम्मानं मीठ-मोहऱ्या उतरवल्या. दोन्हीचा उपयोग सारखाच.

मार्गशीर्ष वद्य ८

आज एक विचित्र बघितलं. दुपारी घोंगडं सारून आत गेले तर शेवंता रडत होती आणि सोजर तिच्या तोंडावर हात ठेवून बसलेली. दाबलेला नव्हता, नुसता ठेवलेला. कानाशी म्हणत होती, "चूप, चूप. मायला बरं न्हाय. रडली की मायला जास्त होतंय."

मी म्हणलं, कुठली माय? तुझी माय तिकडं भाकरी करतीय, चांगली धडधाकट आहे. सोजर माझ्याकडं बघत राहिली. पोरीला भ्रम होतोय की काय, अशी शंका आली.

चुलीपाशी येऊन द्वारकेला सांगितलं. तिच्या हातात भाकरी होती. ती तिनं तव्यावर टाकली नाही, परातीत ठेवली.  मग उठली आणि सरळ त्या खोलीत गेली, जिथं बाळंतपणापासून एकदाही बसली नव्हती. भाकरी मला भाजाव्या लागल्या.

मार्गशीर्ष वद्य १२

चार रोज झाले, द्वारका लेकीजवळ बसून असते. बोलत काहीच नाहीत. बाळ रडलं की द्वारका घेते, सोजर झोपते. मला आधी राग आला, घरची कामं कोण करणार? मग बघितलं की सोजरनं काल अर्धी भाकरी संपवली. राग गिळला.

आज मात्र जुंपली. द्वारका म्हणाली, आत्याबाई, पोतं काढा, दार उघडा, येळवसच्या पूजेला हिला मी शेतात नेते. मी म्हणलं, सव्वा महिना भरायला अजून आठ दिवस आहेत, वारा लागून पोर मेली तर लक्ष्मीबाईला काय दाखवू? ती म्हणाली, "वाऱ्यानं मरत न्हाय माणूस. ह्या अंधारानं मरतंय. मला ठाव हाय."

मी म्हणलं, तुला काय ठाव, तू तर तेव्हा शुद्धीत नव्हतीस.

ती म्हणाली, "सगळ्या वक्ती शुद्धीत होते, आत्याबाई. त्येच तर दुखणं होतं."

मी शेगडीत ओवा टाकायला उठले. सकाळीच टाकला होता, हे नंतर ध्यानात आलं.

मार्गशीर्ष अमावस्या, येळवस

आज सगळं गाव रानात. येळवसला घरात राहतं ते मढं नाहीतर बाळंतीण. आमची बाळंतीण गाडीत होती.

सकाळी द्वारकेनं मला न विचारता गाडीत गवताची गादी केली, सोजरला धरून आणलं, शेवंताला कुंची घातली. दगडोबानं बैल जुंपले. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही, एवढी हिंमत त्याला कुठून आली देव जाणे. मी मागं आंबिलाची घागर धरून बसले आणि वाटभर कुणाशी बोलले नाही. बोलले असते तर गाडी परत वळवावी लागली असती.

शेतात हरभरा गुडघ्याला लागलाय, करडई पिवळी पडायला आलीय. कडब्याची कोपी केली होती. आत पाच पांडव म्हणून पाच दगड मांडले, चुना लावला, भाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, आंबील असा निवद दाखवला. द्वारकेनं सोजरला कोपीत न बसवता बाहेर उन्हात बसवलं, कानाचं फडकं सोडलं. पोरीनं डोळे बारीक करून वर बघितलं. कातडी अशी दिसत होती, दगडाखालच्या गवतासारखी.

मी कोपीच्या आत होते. कडब्याच्या भिंतीतून सगळं ऐकू येतं. सोजरच आधी बोलली, हळू, जशी काही चोरी सांगते.

"माय, म्या तुला हाक मारली होती."

"कवा ग?"

"तू पडलीस तवा. लई रडले, लई हाका मारल्या. तू भिताडाकडं वळलीस. आजी म्हणली, तू रडतीस म्हणून मायला जास्त होतंय. मंग म्या बंद केलं. तरीबी तू उठली न्हाईस. मला वाटलं, म्या उशिरा बंद केलं."

मला वाटलं आता द्वारका रडणार आणि दोन-दोन आजारी माझ्या गळ्यात पडणार. ती रडली नाही. म्हणाली, "सोजर, इकडं बघ. तुझ्या रडण्यानं म्या पडले न्हवते. तुझा भाऊ गेला आन माझ्यातलं काय विझलं ते मलाबी कळलं न्हाय. तुझी हाक मला ऐकू यायची. वळता येत न्हवतं, पर ऐकू यायची. एक दिवस ती बंद झाली. म्या म्हणलं, ही पोरबी गेली."

 मग सोजरनं जो टाहो फोडला, बांधलेले बैल उठून उभे राहिले. बाळंतपणात नाही, विंचवाला नाही, सासरी जाताना नाही, तो सगळा आज. पलीकडच्या शेतातले लोक उंडा हातात धरून बघायला लागले. मी उठून धावले, गप कर तिला, लोक बघतात. द्वारकेनं लेकीला छातीशी धरलेलं, तिथूनच म्हणाली, "आत्याबाई, तितंच थांबा. रडू द्या तिला. तुमी आंबील शिंपा जा."

घरात आल्यापासून या बाईनं मला कधी हुकूम केला नव्हता. मी थांबले.

शेताला फेरी घालून आंबील शिंपायचं काम बाप्यांचं. दगडोबा बैलांपाशी डोळे पुसत होता, म्हणून मी घागर घेतली. दोन फेऱ्या झाल्या तरी मला कळलं नाही की एकच घालायची असते.

मी तसं म्हणाले होते, हे खरं. चार वर्षांच्या पोराला दुसरं काय सांगणार? मेलेलं लेकरू, पडलेली सून, गावात दहशत. घरात शांतता पाहिजे होती, ती मी ठेवली. आजही तेच सांगितलं असतं. असं मला वाटतं. आता लिहिताना तेवढं नक्की वाटत नाही, पण शाईनं लिहिलेलं खोडत नाही.

सोजरनं दोन उंडे खाल्ले.

पौष शुद्ध २

शेवंताला शिंका आल्या. मी म्हणलं, बघा. दुपारपर्यंत थांबल्या. 

पौष शुद्ध १०

संक्रांत होऊन गेली. लोकांना वाटेल, रानात रडली आणि बरी झाली. तसं काही नाही. परवा पुन्हा दिवसभर पडून होती. काल उठली, केस विंचरले. आज पुन्हा डोळे तसेच. मला धीर सुटायला लागला. माघ आला दारात.

द्वारकेला म्हणलं, तू कशी एका दिवसात उठलीस मग? ती हसली. म्हणाली, एका दिवसात कुठं, तुम्हाला अंगण झाडलेलं दिसलं तेवढा दिवस तुम्ही मोजला. त्याच्या आधी कितीदा उठून पुन्हा पडले. मी म्हणलं, मग भरवसा कशाचा धरायचा? तर म्हणते, आपला खंडोबा दरसाल थोडे दिवस नळदुर्गला राहायला जातो, इथलं देऊळ रिकामं असतं, तरी गाव रोज दिवा लावतंच की. कुणी म्हणतं का, देव पळाला, दुसरा आणा?

या बाईला हे बोलणं येतं हे मला इतक्या वर्षांत ठाऊक नव्हतं. विचारलं कुणी होतं म्हणा.

रात्री जेवताना तिच्या ताटात लोणी जास्त पडलं. माझ्या हातून चुकून पडत नाही काही.

पौष अमावस्या

अष्टग्रही आली. तीन दिवस देवळात नामजप, होम, हवन. सावकारानंसुद्धा दानधर्म केला, म्हणजे भीती खरी होती. आम्ही अंगणात बसून जग बुडायची वाट बघत तूर पाखडली.

सूर्य मावळायला सोजर शेवंताला मांडीवर घेऊन बाहेर आली, आपणच आली, आणि म्हणाली, "आजे, बुडालं का जग? का उद्याची भाकरी थापायची?"

मी म्हणलं, थाप. बुडालं तर उपाशी बुडायला नको.

तिघी हसलो. बाळ दचकून रडायला लागलं. सोजरनं त्याला खांद्यावर घेतलं आणि म्हणाली, रड ग बाय, रड.

माघ शुद्ध ७

लक्ष्मीबाई आणि सिद्राम आले.

सकाळपासून मी सगळ्यांना बजावून ठेवलं होतं. ताप होता म्हणायचं, उतरला म्हणायचं, यापुढं एक अक्षर नाही. सोजरला चांगलं लुगडं नेसवलं, शेवंताला काजळ घातलं. लक्ष्मीबाई येऊन बसल्या आणि बाजारात गाय बघावी तशी पोरीला बघत राहिल्या. सोजरनं बाळ घट्ट धरलेलं. मी म्हणलं, थोडा हिवताप होता, आता काही नाही.

तेवढ्यात द्वारका पिठाच्या हातानं बाहेर आली. म्हणाली, "ईनबाई, ताप न्हवता. मला झालं होतं तेच हिला झालं. आता उतार हाय. पर गेलं असं म्या म्हणणार न्हाय. पुन्यांदा येईल, न बी येईल. आलं तर अंधारात घालू नका, आन लेकराला तिच्यापासून तोडू नका."

माझ्या हातात परात होती. ती तिच्या डोक्यात घालावी असं वाटलं. दोन महिने जे सांभाळलं ते हिनं एका दमात उघड्यावर मांडलं.

लक्ष्मीबाईंनी मिश्री लावली, तोंड धुतलं, परत येऊन बसल्या. तेवढ्या वेळात मी तीच परात दोनदा पुसली. मग त्यांनी सोजरलाच विचारलं, "तुला काय पायजे, ते तू सांग."

आमच्या पोरीला आजवर हे कुणी विचारलं नव्हतं. मीपण नाही. ती कधी मागत नव्हती, मग विचारायचं कशाला?

सोजर म्हणाली, "मला यायचंय. पर भ्या वाटतंय. मायला संगं घ्या. माय पायजे मला."

एवढं बोलली आणि सगळ्यांच्या पुढं रडायला लागली, सासू, नवरा, बाप कुणाची पर्वा न करता. सिद्राम उठला आणि त्यानं शेवंताला तिच्या मांडीवरून घेतलं, तिला नीट रडता यावं म्हणून. आईपुढं त्यानं हे केलं. जावई मुका नाही, सावकाश आहे.

लक्ष्मीबाई द्वारकेला म्हणाल्या, "तुमी झाकलं असतं तर गाडी रिकामी नेली असती. उघडं दुखणं बघता येतं. चला संगं, लेकरू झालंय, आता लेकीच्या घरचं पाणी चालतंय तुमाला. हिचं बूड बसंपर्यंत ऱ्हावा." आणि माझ्याकडं वळून, "मथुराबाई थापतील की इथं भाकरी. हाताला वळण हाय म्हणं त्यांच्या."

घेतलं ऐकून. त्या घडीला मी त्यांच्या बैलांचीसुद्धा दृष्ट काढली असती.

माघ शुद्ध ८

सकाळी गेल्या तिघी. द्वारकेनं पाया पडताना विचारलं, तुमचं कसं होईल आत्याबाई? मी म्हणलं, तू नव्हतीस तेव्हा जेवत नव्हते काय. मग गाडी वळणाला लागली तेव्हा ओरडून सांगितलं, कढीला फोडणी कशाची घालायची ते सांगून जा. ऐकू गेलं नसावं.

माघ वद्य ११

दगडोबा आणि मी. घर गप्प आहे. गप्प घर मला आवडायचं.

द्वारकेला आजारपणात मी जेवण दिलं, अंथरूण दिलं, औषध दिलं. बोलले मात्र नाही. बोलायचं काय, तेच मला माहीत नव्हतं. तिला कुणी उठवलं नाही, तरी ती उठली आणि दुसरीला उठवायला गेली. हे तिनं कुठून आणलं, मला कळत नाही. मास्तरांना विचारायची गोष्ट नाही ही.

फाल्गुन शुद्ध ५

सिद्राम एस.टी.नं सांगावा घेऊन आला. द्वारका होळीच्या आधी येते म्हणाली. सोजर कशी, विचारलं, तर पोरगा लाजून जमिनीकडं बघायला लागला. मी म्हणलं, सांग काय असेल ते, माझं काळीज दगडाचं आहे.

मग कळलं. परवा शेवंताच्या अंघोळीचं पाणी निवलं होतं. सोजर सासूवर अशी भडकली की वेशीपर्यंत ऐकू गेलं. लक्ष्मीबाईंनी चार सुनावल्या, हिनं सहा सुनावल्या. शेजारणी जमल्या. मध्ये द्वारका काय करत होती, विचारलं. म्हणाला, मामी ओसरीवर बसून शेंगा फोडत होत्या, उठल्याच नाहीत. संध्याकाळी सासू-सुना एका ताटात जेवल्या.

जावयाला गूळ-शेंगदाणे दिले आणि तशीच उठून देवळात गेले. देव नळदुर्गहून कधीच परत आलाय, माझंच जाणं झालं नव्हतं. गुरवापुढं नारळ ठेवला. त्यानं विचारलं, "मथुराबाई, नवस कशाचा?"

म्हणलं, "नात सासूला उलटून बोलली."

तो माझ्याकडं बघतच राहिला. म्हणलं, "बघतोस काय, फोड."